आधी काम, मग अ‍ॅप

मोठ्या कंपनीत किंवा सरकारी खात्यात संगणक प्रणाली बसून चार-पाच वर्षे झाली की बैठकीत एक विषय हमखास निघतो : आता आपले मोबाइल अ‍ॅप हवे. त्यावर कोणी हरकत घेत नाही. अ‍ॅप नको म्हणणारा मागासलेला ठरतो आणि हवे म्हणणाऱ्याला ते कशासाठी हवे हे कोणी विचारत नाही. मग निविदेचा मसुदा तयार होतो. संगणकावरची सगळी मॉड्यूल मोबाइलवर असावीत, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालावीत, वरिष्ठांना डॅशबोर्ड दिसावा, कर्मचारी कुठे आहे ते जीपीएसवर कळावे, अशी कलमे त्यात पडतात. हे अ‍ॅप दिवसभर जिच्या हातात राहणार ती व्यक्ती त्या बैठकीला नसते. तिचा दिवस कसा जातो, तिच्या गावात रेंज किती, फोन कोणता, नोंद करायला तिला उसंत कधी मिळते, याबद्दल त्या मसुद्यात एक ओळही सापडत नाही.

माझे म्हणणे असे, की मोठ्या प्रणालीच्या मोबाइल अ‍ॅपचे नियोजन हा मुळात श्रमाच्या वाटणीचा प्रश्न आहे. तंत्रज्ञानाचा प्रश्न त्यानंतर येतो. नवे अ‍ॅप आले की कोणाचे तरी काम कमी होते आणि कोणाचे तरी वाढते. कार्यालयात बसून अहवाल वाचणाऱ्याचे काम कमी होऊन शेतात, वस्तीवर, गोदामात किंवा यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचे वाढत असेल, तर ते अ‍ॅप कितीही देखणे असले तरी लोक ते टाळतात. सक्तीने वापरायला लावले, तर त्यातल्या माहितीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कोणत्याही अ‍ॅपला मंजुरी देण्याआधी एक कसोटी लावावी : जो नोंद करणार, त्याचे काम यामुळे हलके होते का?

ही कसोटी केवळ सहानुभूतीतून आलेली नाही. बाजारातला अनुभवही तीच सांगतो. सॅप ही जर्मन कंपनी १९७२ साली सुरू झाली. खरेदी, साठा, उत्पादन, पगार, हिशेब हे सारे एका धाग्यात ओवणारी तिची प्रणाली आपल्याकडच्या अनेक मोठ्या कारखान्यांतही चालते. त्या प्रणालीत मुरलेल्या माणसाला खरेदी आदेशाचा 'एमई२१एन' हा कोड झोपेतही आठवतो. एकेका पडद्यावर इतके रकाने आणि इतके टॅब, की नवख्याला त्यात स्वतःचे काम शोधायलाच आठवडे लागावेत. आयफोन आणि अँड्रॉइड रुळू लागले तशी सॅपने २०१० मध्ये सायबेस ही कंपनी ५.८ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. आपली प्रणाली फोनवर नेण्याची तयारी हा त्या व्यवहाराचा एक मोठा हेतू होता.

प्रत्यक्षात लोकांच्या कामी आले ते वेगळेच. २०१३ मध्ये सॅपने 'फिओरी' आणले. सुरुवातीला त्यात सर्वाधिक लागणाऱ्या कामांसाठी अवघी २५ छोटी अ‍ॅप होती : रजेचा अर्ज, रजेला मंजुरी, खरेदीला मंजुरी, पगाराची स्लिप, ऑर्डरचा मागोवा. ती ब्राउझरमध्ये चालत. म्हणजे अजस्र प्रणाली फोनवर आणण्याचा मार्ग प्रणाली लहान करून निघाला नाही. कोण, कुठे, कोणते काम करतो हे विचारून, त्यातले एक-एक काम सुटे करून तो निघाला. पुढचा धडाही तितकाच मोलाचा आहे. सॅपने फिओरीचे वेगळे पैसे मागितले तेव्हा ग्राहकांच्या संघटनांनी नाराजी व्यक्त केली. मूळ परवान्याचे भरमसाट पैसे भरल्यावर ते वापरता यावे यासाठी पुन्हा पैसे का, हा त्यांचा सवाल होता. जून २०१४ मध्ये सॅपने फिओरी मूळ परवान्यातच समाविष्ट केले. वापरणाऱ्याची सोय हा वस्तूचाच भाग असतो, तिची वेगळी किंमत लावता येत नाही, हे एवढ्या मोठ्या कंपनीलाही मान्य करावे लागले. २०१६ मध्ये तिने अ‍ॅपलशी करार करून आयफोनसाठी खास बांधलेल्या अ‍ॅपची वाटही उघडली. मंजुरीसारख्या कामाला ब्राउझर पुरतो, कॅमेरा आणि इतर उपकरणे लागणाऱ्या कामाला फोनसाठी खास बांधलेले अ‍ॅप बरे पडते, म्हणून दोन्ही वाटा राहिल्या.

आपल्याकडच्या चर्चा मात्र पहिल्या दिवसापासून तंत्रावरच अडतात. वेबवर करायचे की नेटिव्ह, म्हणजे फोनसाठी खास बांधलेले? फ्लटर हे साधन घ्यायचे की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह? या वादाचे सार्वत्रिक उत्तर नाही, हे गेल्या काही वर्षांचा इतिहासच दाखवतो. फेसबुकने आपले अ‍ॅप एचटीएमएल५ या वेबच्या तंत्राच्या भरवशावर उभे केले, ते मंद चालले, आणि त्या तंत्रावर फार भिस्त ठेवणे ही कंपनीची मोठी चूक होती असे मार्क झुकेरबर्ग यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यानंतर तीनच वर्षांनी भारतात उलट घडले. मिंत्राने मे २०१५ मध्ये संकेतस्थळ बंद करून सगळी विक्री अ‍ॅपवर नेली, आणि जून २०१६ मध्ये संकेतस्थळ पुन्हा सुरू केले. फ्लिपकार्टनेही फोनवरचे संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना अ‍ॅपकडे वळवले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'फ्लिपकार्ट लाइट' या नावाने ब्राउझरमध्येच अ‍ॅपसारखे चालणारे संकेतस्थळ त्यांना आणावे लागले. फोनमध्ये जागा कमी आणि नेट तुटक असलेल्या ग्राहकाला ते परवडणारे होते. एकाला वेबकडून अ‍ॅपकडे जावे लागले, दुसऱ्याला अ‍ॅपकडून वेबकडे. वापरणाऱ्याची परिस्थिती वेगळी होती, म्हणून उत्तरे वेगळी आली.

पण या उदाहरणांत आणि आपल्या विषयात एक मोठा फरक आहे. मिंत्राचा ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होता. विक्रीचे आकडे पडले की चूक कळते आणि सुधारावीच लागते. कंपनीच्या कर्मचाऱ्याला किंवा सरकारी योजनेतल्या सेविकेला दुसरे दुकान नसते. अ‍ॅप वाईट असले तरी ते वापरावेच लागते, कारण त्याला पगार किंवा मानधन जोडलेले असते. म्हणून वाईट अ‍ॅपची चूक विक्रीत दिसत नाही. उशिरा भरलेल्या, अंदाजे भरलेल्या, एकदा वहीत आणि एकदा फोनमध्ये भरलेल्या माहितीत ती साठत राहते आणि वर बसलेल्यांना डॅशबोर्डवर सगळे हिरवे दिसते. ज्यांना निघून जाता येत नाही त्यांचे म्हणणे आधी ऐकावे लागते.

महाराष्ट्राने याचे उदाहरण फार जवळून पाहिले आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. २०१८ मध्ये पोषण अभियान आले, सेविकांच्या हाती स्मार्टफोन आले आणि रजिस्टरांऐवजी अ‍ॅपमध्ये नोंदी सुरू झाल्या. १ मार्च २०२१ रोजी जुन्या अ‍ॅपच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आले. आधीचे अ‍ॅप मराठीत होते आणि नवे इंग्रजीत आले, ही सेविकांची पहिली तक्रार. दुसरी फोनची : मेमरी अपुरी, फोन गरम होतो, हँग होतो, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर 'मोबाइल वापसी' आंदोलन झाले आणि हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे पोषण ट्रॅकरमध्ये मराठीसह भारतीय भाषा आल्या, हे चांगलेच झाले. पण इतक्या मोठ्या संख्येने ज्या अ‍ॅपवर बायका काम करणार, त्यात त्यांची भाषा पहिल्या दिवशी नसावी, हे नियोजनातले मूलभूत अपयश आहे. बारीकसारीक त्रुटी म्हणून ते सोडून देता येणार नाही.

अंगणवाडीतला वजनाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. बाळाला झोळीत बसवून काट्याला टांगले आहे. ते रडते, हातपाय झाडते, काटा थरथरत राहतो. सेविकेचा एक हात बाळाच्या पाठीशी, नजर काट्यावर. आकडा क्षणभर स्थिर झाला की तो तेव्हाच टिपायचा. मग उंची : दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे झोपवून, मोठ्याला भिंतीशी उभे करून. तोवर एखादी आई विचारते, माझ्या पोराचे वजन मागच्या महिन्याएवढेच का? मदतनीस खिचडी वाढत असते, दोन मुले भांडत असतात. अशा वेळी फोन उघडून, यादीतून नाव शोधून, दशांश चिन्हासह वजन टाकून सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबणे कोणाला जमणार? सेविका साहजिकच वहीत लिहिते आणि संध्याकाळी घरी किंवा रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन वहीतले आकडे फोनमध्ये भरते. प्रणालीच्या लेखी ते वजन संध्याकाळी सात वाजता झालेले असते. आठ किलो दोनशेच्या जागी ब्याऐंशी पडले तरी ते तपासायला बाळ आता समोर नसते.

या प्रसंगापासून अ‍ॅपचे नियोजन सुरू केले असते तर काय झाले असते? आज ज्यांचे वजन घ्यायचे त्या मुलांची यादी सकाळीच फोनमध्ये उतरली असती. नावाशेजारी मागच्या महिन्याचे वजन दिसले असते. आकडे मोठे असते, एका अंगठ्याने दाबता आले असते. ब्याऐंशी किलो टाकताच अ‍ॅपने तिथल्या तिथे विचारले असते. रेंज नसतानाही नोंद जतन झाली असती, आणि मूल मध्यम की तीव्र कुपोषित हे सेविकेला लगेच दिसले असते, म्हणजे समोर बसलेल्या आईला तिथेच सांगता आले असते. यातल्या काही गोष्टी आता होतात. वजन-उंचीवरून श्रेणी काढून देणे ही तर सेविकेसाठी खरी मदत आहे. वाढीच्या तक्त्यावर हाताने बिंदू मांडण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. जिथे अ‍ॅप नोंद करणारीला काही परत देते तिथे ती ते आपणहून वापरते.

उलट घडते तिथे काय होते, हे रोजगार हमीच्या हजेरी अ‍ॅपने दाखवले. रोजगार हमीचा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. १९७७ चा तो कायदा पुढे देशाच्या योजनेला वाट दाखवणारा ठरला. १ जानेवारी २०२३ पासून देशभर सर्व सार्वजनिक कामांवर मजुरांची हजेरी एनएमएमएस या अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा ठिकाणासह छायाचित्र काढून नोंदवणे सक्तीचे झाले. हेतू उघड होता : खोटी हजेरी थांबावी. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयानेच राज्यांना पत्र पाठवून या अ‍ॅपचा कसा गैरवापर होतो त्याची जंत्री दिली. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जाते, प्रत्यक्ष मजूर आणि नोंदलेले मजूर जुळत नाहीत. उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सगळी छायाचित्रे माणसांनी तपासावीत असे ठरले. म्हणजे मजूर दुपारच्या छायाचित्रासाठी थांबला, मजुरांवर देखरेख करणाऱ्या मेटचा वेळ गेला आणि तपासणीचे नवे काम पंचायतीवर पडले. लबाडी करणाऱ्याने वाट काढली. ज्याने प्रामाणिकपणे काम केले, पण रेंज नसल्याने ज्याचे छायाचित्र चढले नाही, त्याची मजुरी मात्र अडकू शकते. पाळत ठेवणे हाच हेतू घेऊन अ‍ॅप बांधले की असे होते.

सगळेच वाईट आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. आपल्याच राज्यातले ई-पीक पाहणीचे अ‍ॅप याच कसोटीवर पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू झाले. पूर्वी तलाठी पिकांची नोंद गाव नमुना बारामध्ये करायचा. आता शेतकरी ती आपल्या फोनवरून करतो. शेतकरी बांधावर उभा राहून खाते क्रमांक निवडतो, गट क्रमांक निवडतो, हंगाम, पिकाचा वर्ग, विहीर की कालवा, लागवडीची तारीख भरतो आणि उभ्या पिकाचे छायाचित्र काढतो. हे सगळे शब्द त्याच्या ओळखीचे आहेत, कारण ते सातबारावरचेच आहेत. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणजे स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्या चुलत्याची नोंद पुतण्या करू शकतो. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ४८ तासांत आपली चूक आपणच दुरुस्त करण्याची सोय आली, आणि शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने त्यातल्या काहींचीच पडताळणी करायची असे ठरले. या निर्णयांमागे वापरणाऱ्यावरचा विश्वास आहे. आणि नोंदीचा फायदा थेट त्याच्याच पदरात पडतो : पीककर्ज, विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी.

तरीही तलाठ्याचे काम शेतकऱ्याकडे सरकले, हे खरेच. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर मान टाकतो, मुदतवाढ द्यावी लागते, आणि राहून गेलेल्यांसाठी गावपातळीवर सहायक नेमावे लागतात. कसोटीवर हे अ‍ॅप पूर्ण उतरत नाही. पण काम ज्याच्यावर सरकले त्याला काही मिळाले, त्याची भाषा वापरली गेली आणि चूक सुधारण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला. एवढ्यानेही किती फरक पडतो ते दिसते.

यावर अनुभवी अधिकारी आणि व्यवस्थापक एक रास्त हरकत घेतात. ते म्हणतात, 'सगळी माहिती नोंद करणाऱ्याच्या फायद्याची कशी असेल? राज्यात किती मुले कुपोषित आहेत, गोदामात किती माल पडून आहे, हे वर कळायलाच हवे. आणि पैशांचा प्रश्न आला की पडताळणीही लागणारच.' हे मला मान्य आहे. काही नोंदी संस्थेसाठीच असतात. पण मग त्या नोंदीचा खर्च संस्थेने उचलावा. माहिती भरायला रोज तासभर लागत असेल, तर तो तास कामाच्या वेळेत धरावा, फोन आणि डेटा द्यावा, दुरुस्ती करून द्यावी, आणि त्याच माहितीसाठी ठेवलेले कागदी रजिस्टर लेखी आदेशाने बंद करावे. फोनही भरा आणि रजिस्टरही लिहा असे सांगणे म्हणजे संस्थेचा खर्च कर्मचाऱ्याच्या झोपेतून वसूल करणे होय. हा तास अंदाजपत्रकात धरला की अ‍ॅपमधले कितीतरी रकाने आपोआप गळतील, कारण त्यांची किंमत मोजायला कोणी तयार होणार नाही.

मग नियोजन कोणत्या क्रमाने करावे? आधी कामे निवडावीत. प्रणालीत शेकडो पडदे असतात. त्यांतले मोजकेच फोनवर येण्याजोगे असतात. उभ्याने करायचे, टेबलापासून दूर करायचे, दिवसातून अनेकदा करायचे, कॅमेरा किंवा ठिकाण लागणारे काम फोनवर शोभते. वार्षिक हिशेबाची जुळणी किंवा पगाराचे नियम बदलणे संगणकावरच राहू द्यावे. काही कामांना फोनवरचे अ‍ॅपही नको असते. एसटीच्या वाहकाकडचे पूर्वीचे साधे तिकीट यंत्र पाहा. चालत्या गाडीत, गर्दीत, घाटात रेंज नसताना ते मोजक्या बटणांवर तिकीट छापून देई, आणि हिशेब आगारात परतल्यावर उतरवला जाई. काम नेमके ओळखून बांधलेले ते साधन होते.

दुसरा निर्णय रेंजचा, आणि तो अगदी सुरुवातीलाच घ्यावा लागतो. रेंज नसताना चालणे ही सोय शेवटी जोडता येत नाही, कारण तिच्यामुळे प्रणालीची मांडणीच बदलते. सर्व्हर प्रत्येक नोंदीला क्रमांक देत असेल तर रेंज नसताना नोंद तयारच होणार नाही. म्हणून तो क्रमांक फोनवरच तयार व्हावा लागतो. एकाच नोंदीत दोन माणसांनी दोन ठिकाणी बदल केले तर कोणाचा धरायचा, याचा नियम आधी ठरावा लागतो. नोंद झाली ती वेळ आणि सर्व्हरवर पोचली ती वेळ या दोन्ही जपाव्या लागतात, नाहीतर संध्याकाळचे सात हीच वजनाची वेळ ठरते. आकडे आधी जावेत, जड छायाचित्रे मागून. आणि काय पोचले, काय अजून फोनमध्येच आहे, हे वापरणाऱ्याला स्पष्ट दिसावे. 'सबमिट झाले की नाही' या धास्तीने तीच नोंद पुन्हा पुन्हा भरणारी माणसे कोणत्याही खात्यात भेटतात.

तिसरी गोष्ट बैठकीत कोणालाच दिसत नाही, आणि खर्च सगळ्यात जास्त तिथेच असतो : मूळ प्रणाली. रजा किती शिल्लक, कोणाची मंजुरी लागते, साठा कधी कमी धरायचा, हे नियम जुन्या प्रणालीत पडद्यांच्या आत लपलेले असतात. अ‍ॅप करणारे ते फोनवर पुन्हा लिहितात. पुढच्या वर्षी नियम बदलला की संगणक एक सांगतो आणि फोन दुसरेच. यावर उपाय एकच : नियम सर्व्हरवर एकाच जागी आणणे आणि संगणक, फोन, उद्याचे कोणतेही साधन, सगळ्यांनी तिथूनच विचारणे. हे काम दिसत नाही, उद्घाटनाला दाखवता येत नाही, म्हणून निविदेत त्याला पैसे नसतात. ज्या संस्थेने ते आधी केले, तिला अ‍ॅप बांधणे पुढे स्वस्त पडते.

भाषेचा प्रश्न भाषांतराने सुटत नाही. पडद्यावरचे शब्द त्या कामाच्या रजिस्टरातून, त्या माणसांच्या तोंडातून घ्यावे लागतात, जसे ई-पीक पाहणीने सातबारातून घेतले. फोनचेही तसेच. अ‍ॅपची चाचणी हिंजवडीतल्या नव्या फोनवर न होता, ज्याच्यासाठी ते आहे त्याच्या तीन वर्षे जुन्या, भरलेल्या फोनवर झाली पाहिजे. फोन कर्मचाऱ्याचा स्वतःचा असेल, तर कंपनीच्या अ‍ॅपने त्याचे संपर्क, फोटो आणि सुटीच्या दिवशीचे ठिकाण मागू नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येण्याआधीही ही साधी मर्यादा पाळता आली असती. आता तर कायदाही झाला आहे. ओळख पटवण्याच्या अटी घालतानाही समोरचे घर पाहावे. पोषण ट्रॅकरमध्ये घरी न्यायच्या शिध्यासाठी १ जुलै २०२५ पासून चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. आधारशी जोडलेला फोन नवऱ्याकडे आणि नवरा ऊसतोडीला गेलेला, अशा घरातल्या गरोदर बाईने ओटीपी कुठून आणायचा? तिच्यासाठी दुसरी वाट आधीपासून आखलेली असली पाहिजे.

एवढे ठरले की तंत्राचा निर्णय सोपा होतो. पाहणे आणि मंजुरी देणे एवढेच काम असेल तर ब्राउझर पुरे. रेंजशिवाय चालायचे, कॅमेरा आणि उपकरणे जोडायची असतील तर फोनसाठी खास बांधलेले अ‍ॅप. माणसे कमी असतील तर फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह घेऊन दोन्ही फोनांसाठी एकच काम करावे. मात्र एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह का सोडले, ते आणि नेटिव्ह अशा दोन जगांमधले सांधे सांभाळण्यात किती शक्ती गेली, हे वाचून मगच. आणि अ‍ॅप एकदा बांधून संपत नाही. गुगल प्ले दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट घालते. देखभालीचे पैसे नसतील तर चांगले अ‍ॅपही काही वर्षांत मरते. म्हणून पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद झाल्याशिवाय अ‍ॅप सुरूच करू नये. नवे अ‍ॅप आणताना जुने कोणते बंद होणार, हेही त्याच आदेशात लिहावे. प्रत्येक विभागाने आपापले अ‍ॅप काढायचे आणि गावातल्या एकाच कर्मचाऱ्याने ती सगळी चालवायची, ही पद्धत थांबली पाहिजे.

यशाचे मापही बदलायला हवे. किती लाख डाउनलोड झाले हे सक्तीच्या अ‍ॅपबाबत सांगण्यात अर्थ नाही. एका नोंदीला किती वेळ लागतो आणि तो गेल्या सहामाहीपेक्षा कमी झाला का? किती रजिस्टरे खरोखर बंद झाली? किती नोंदी काम चालू असताना झाल्या आणि किती रात्री? चूक दुरुस्त करायला किती दिवस लागतात? ही माहिती प्रणालीत आधीच असते. ती डॅशबोर्डवर सगळ्यात वर दाखवावी, म्हणजे अ‍ॅपचा भार कोणावर पडतो हे साहेबांनाही रोज दिसेल.

महाराष्ट्राला या बाबतीत सबब सांगता येणार नाही. जगभरच्या कंपन्यांची अशी सॉफ्टवेअर पुण्यात, मुंबईत, नागपुरात बसून आपलीच मुले-मुली लिहितात. ती वापरणाऱ्या सेविका, आरोग्यसेविका, वायरमन, वाहक, गोदामातले हमाल हीही आपलीच माणसे आहेत. या दोघांची गाठ पडत नाही, ती पाडून देण्याची जबाबदारी मंजुरी देणाऱ्यांची आहे. मंत्रालयात किंवा कंपनीच्या मुख्यालयात अशा फाइलवर सही करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, की निविदेच्या पहिल्या पानावर नोंद करणाऱ्याचा एक पूर्ण दिवस लिहून मागा : सकाळी किती वाजता सुरू होतो, रेंज कुठे असते, हात कधी मोकळे असतात, आज कोणते रजिस्टर लिहावे लागते. त्याखाली लिहून घ्या, की या अ‍ॅपमुळे त्या दिवसातले कोणते काम कमी होईल. ते पान कोरे असेल तर सही करू नका.